तिसरं कडवं

“दिसतंय का?” अर्लीननं विचारलं.

“दिसतंय. आंधळा नाही झालो अजून,” थॅड म्हणाला. “एवढी मोठी अक्षरं पेट्रोलपंपावर असतात.”

तीन कडवी, तीन कागद. मेम्फिसमधल्या शाळेच्या स्वयंपाकघरात अर्लीननं एकतीस वर्षं फळ्यावर रोजचा बेत लिहिला होता, आणि लिहून लिहून तिचं अक्षर बटाट्यासारखं गोल झालं होतं. तिनं कागद पुन्हा एकदा लावून घेतले आणि नवऱ्याचा टाय सरळ केला.

“पहिलं कडवं कशाचं?”

“नदीचं.”

“दुसरं?”

“आईच्या खिडकीचं.”

“आणि तिसरं?”

थॅडनं आरशात पाहून टाय पुन्हा वाकडा केला. “तिसरं दुसऱ्यानंतरचं,” तो म्हणाला आणि हसला. अर्लीनही हसली. मग तिनं तो टाय पुन्हा सरळ केला.

डॉयल मेबरी हिवाळ्यात गेला. आर्कान्सामधल्या कापूसवाल्याचा हा पोरगा कंट्रीची, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या गोऱ्यांची, गाणी म्हणायचा, पण पाठीमागं साथीला जॅझवाले घेऊन. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला आधी शिव्या घातल्या आणि मग डोक्यावर घेतलं. थॅडियस बूकरनं त्याच्यामागं बावीस वर्षं उभा बास, माणसाहून उंच ते तंतुवाद्य, वाजवला. आता डॉयलच्या आठवणीसाठी नॅशव्हिलच्या या जुन्या सभागृहात रविवारी दुपारी तीन वाजता दोन्हीकडची मंडळी एकत्र गाणार होती. लोकांसमोरच ध्वनिमुद्रण होणार होतं आणि त्याची तबकडी निघणार होती. मध्यंतराच्या आधीचं शेवटचं गाणं डॉयल आणि थॅड जोडीनं म्हणायचे. आता ते म्हणणारा एकटा थॅड उरला होता.

ऑगस्टमध्ये तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या नीलचा फोन आला होता. “मिस्टर बूकरांची तब्येत कशी आहे?” त्यानं विचारलं. अर्लीननं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभं राहून ‘मस्त’ म्हणून सांगितलं. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती. पण त्याच टेबलापाशी आठवडाभर आधी थॅड म्हणाला होता, “जे काही माझ्याजवळ उरलंय, ते आहे तोवर एकदा वाजवू दे मला.” त्याला सगळं कळत होतं. निदान त्या दिवशी तरी कळत होतं.

आज सकाळी मेम्फिसहून येताना तो दोनदा म्हणाला, “डॉयल कुठल्या हॉटेलात उतरलाय?” पहिल्यांदा अर्लीननं खरं सांगितलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू बातमी आत्ताच आली होती. दुसऱ्यांदा ती एवढंच म्हणाली, “भेटेल.” दुपारच्या तालमीत मात्र त्यानं तिन्ही कडवी न अडखळता म्हटली. त्यामुळं अर्लीनला धीर यायला हवा होता. उलट भीती वाढली. आजच्या वाट्याचं उत्तम तालमीतच खर्च होऊन गेलं असेल तर?

रंगमंचामागच्या अरुंद वाटेत गर्दी होती. कंट्रीवाले एका भिंतीला, जॅझवाले दुसऱ्या. न्यूयॉर्कहून आलेली पियानोवाली म्हणत होती, “तुम्ही लोक तीन सुरांत आई, आगगाडी आणि घटस्फोट सगळं उरकता!”

“आणि तुम्ही एवढे सूर लावता की आई सापडतच नाही,” पलीकडून उत्तर आलं. सगळे हसले.

उत्तर देणारा हर्शेल कॉडिल होता. केंटकीच्या डोंगरातला गोरा, सत्तरीचा, काडीसारखा माणूस. डॉयलबरोबर यानं अठरा वर्षं फिडल, म्हणजे खेडवळ ढंगाचं व्हायोलिन, वाजवलं होतं. थॅडला पाहताच तो ओरडला, “काय रे म्हाताऱ्या! तू बास घेऊन फिरतोस की आता बास तुला घेऊन फिरतो?”

“आणि तू? अजून मांजराची शेपटीच ओढतोस?” थॅड म्हणाला.

दोघांनी मिठी मारली. अर्लीनला हायसं वाटलं. ओळखलं यानं!

“वहिनी, याला खायला घालता की नाही? पार वाळलाय.”

“घालते की. सगळं बासच्या पोटात जातं.”

“हर्शेल,” थॅड मध्येच हळू आवाजात म्हणाला, “डॉयलला सांग, दुसरं कडवं फार ओढू नकोस म्हणावं. मला श्वास पुरत नाही हल्ली.”

हर्शेलचं हसू होतं तिथंच थांबलं. त्यानं अर्लीनकडं पाहिलं. अर्लीननं मान खाली घातली.

“सांगतो,” हर्शेल म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला. अर्लीन बाजूच्या पडद्याआड एका स्टुलावर बसली. हे सभागृह एके काळी चर्च होतं. लोक अजून लाकडी बाकांवरच बसत. रविवार असून तिचं स्वतःचं चर्च चुकलं होतं, आणि तेही तिला लागून राहिलं होतं. मागच्या रविवारी रेव्हरंड टिडवेलनी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगितली होती. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, शब्दांना सूर फुटला, आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं झालं. पेत्र पाण्यावरून चालतोय, चालतोय, आणि मग त्याची नजर लाटांकडं जाते आणि तो बुडायला लागतो. “लाटांकडं बघू नको रे!” असं रेव्हरंड गायले तेव्हा सगळं चर्च उभं राहिलं होतं. अर्लीन आता तेच मनात म्हणत होती. पण स्वतः मात्र लाटांकडंच बघत होती.

थॅड बास घेऊन दिव्याखाली उभा राहिला. समोर तीन कागद. डाव्या हाताला पियानो, उजव्या हाताला हर्शेल.

पहिलं कडवं नीट झालं. नदी उतरली, नाव लागली. दुसऱ्यात आईच्या खिडकीपाशी त्याचा आवाज जरा कापला, पण तो तिथं कापायलाच हवा होता. बाकांवरून कुणीतरी “हो, बाबा!” म्हणून साद दिली. मग पियानोवालीनं आपला भाग वाजवला, एक फेरी, दोन फेऱ्या, आणि शेवटाला थॅडकडं बघून मान हलवली.

थॅडनं तोंड उघडलं. “नदी उतरली…” आणि तो थांबला.

पहिलं होतं हे. त्याला कळलं हे पहिलं होतं. त्यानं कागदांकडं पाहिलं. तिन्ही कागद जागेवर होते, गोल गोल अक्षरं होती, पण आपण त्यातल्या कुठल्या कागदावर उभे आहोत तेच त्याला कळेना. खाली बोटं आपली वाजवतच होती. बोटांना काही झालं नव्हतं. पियानोवालीनं प्रसंग ओळखून आणखी एक फेरी घेतली. लोकांना ते मुद्दाम वाटलं, त्यांनी टाळ्या दिल्या. ती फेरीही संपत आली. तिनं आणखी एक घेतली. या वेळी टाळ्या विरळ आल्या.

थॅडनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. अनोळखी स्टेशनावर डुलकीतून जागा झालेला माणूस बघतो, तसं.

अर्लीन उठली. बाहेर तीन पावलं टाकली की ती त्याच्यापाशी पोचली असती. पण ती पावलं दोन हजार माणसांसमोर टाकायची होती, आणि सुरू असलेल्या यंत्रांसमोर. उद्या जो कुणी ही तबकडी लावेल त्याला कळेल की थॅडियस बूकरला बायकोनं हाताला धरून नेलं. आणि नाही टाकली तर? तिनं पडद्याची कड धरली. ‘प्रभू,’ ती म्हणाली. पुढचे शब्द तिलाही सुचले नाहीत.

तेवढ्यात हर्शेलनं फिडल काखेत मारलं. तो मायक्रोफोनपाशी गेला आणि एकाच सुरात, भराभर, नाकातून म्हणाला:

“कडी लावू नका फाटकाला, चालत येतोय मी.”

अर्लीननं लगेच ओळखलं. तिसऱ्या कडव्याची ही ओळ त्यानं तशी म्हटली नव्हती, दिली होती. त्यांच्या चर्चमध्ये म्हाताऱ्या मंडळींचं स्तोत्र असंच होई. पुस्तकं नव्हती, वाचता येणारे थोडे होते, तेव्हापासूनची ती रीत: डीकननं, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या सेवकानं, ओळ भरकन बोलून द्यायची आणि बाकीच्यांनी ती संथ, लांबवर ओढत गायची, ज्याला जसं वळण सापडेल तसं. आजवर अर्लीन समजत होती की हे फक्त आपल्या काळ्या माणसांचंच आहे.

थॅडची मान वर आली. त्याचा हात तारांवरून सुटला. सगळी वाद्यं थांबली. आणि त्यानं ती ओळ घेतली.

गाण्याची चाल गेली कुठल्या कुठं. ‘कडी’ या एका शब्दाला त्यानं सात वळणं दिली. तो कागदाकडं बघत नव्हता, कुणाकडंच बघत नव्हता. ओळ संपली तशी हर्शेलनं पुढची दिली:

“उशीर झाला तरी ओळखा, तुमच्यातलाच मी.”

या वेळी मागच्या बाकांवरच्या काही बायका गुणगुणायला लागल्या. मग पुढच्या बाकांवरचे चारसहा म्हातारे, टोप्या मांडीवर घेतलेले, डोंगराकडचे दिसत होते. थॅडचा आवाज त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत गेला आणि शेवटी खाली उतरून थांबला. बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही.

मग वाजल्या, त्या थांबेनात. अर्लीन स्टुलावर बसली. तिच्या लक्षात आलं, आपण उजव्या हातानं डावं मनगट एवढं आवळलंय की बोटं उठलीत.

मध्यंतरात थॅड एका खोक्यावर पाणी पीत बसला होता. हर्शेल अर्लीनला बाजूला घेऊन म्हणाला, “कधीपासून?”

“ईस्टरच्या आधीपासून.”

“कुणाला माहीत आहे?”

“देवाला.”

“बरं आहे. तो बडबड्या नाही.”

ती हसली आणि डोळे पुसले. “तुमच्याकडंही ओळ देतात?”

“आमच्या खोऱ्यात चर्चात वाद्यच चालत नाही. फिडल धरलं तेव्हा आजोबा मला नरकात धाडून मोकळे झाले होते. ओळीवरच तर वाढलो आम्ही.”

तेवढ्यात नील धावत आला. गळ्यात हेडफोन, चेहरा फुललेला. “काय झालं हे! कुणी ठरवलं? मला आधी का नाही सांगितलंत?” मग त्यानं आवाज खाली आणला. “फक्त एक करू. मध्यंतरानंतर हेच गाणं पुन्हा घेऊ, सरळ. तिन्ही कडवी, थांबायचं नाही. कंपनीला साधंही एक हातात लागतं.”

अर्लीननं हर्शेलकडं पाहिलं.

“माझी तार तुटलीय,” हर्शेल म्हणाला.

“दुसरी लावा ना.”

“दुसरी त्याहून तुटलेली आहे.”

“कॉडिलसाहेब, चेष्टा नको. पाच मिनिटांचं काम आहे.”

“नीलसाहेब, यांचा घसा…” अर्लीननं सुरुवात केली. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जात होतं, याचीच तिला भीती वाटली.

“अर्लीन, थांब,” थॅड खोक्यावरून म्हणाला. “पोरा, इकडं ये.”

नील त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मला तिसरं कडवं येत नाही.”

“मिस्टर बूकर, कागद आहे की समोर…”

“कागदावर आहे. माझ्यात नाही.” थॅडनं पाण्याचा घोट घेतला. “उद्या दुसरंही नसेल, पहिलंही नसेल. माझं डोकं चाललंय, पोरा. थोडं थोडं करून चाललंय. हिनं तुला फोनवर खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी. रागवायचं तर माझ्यावर रागव.”

पलीकडं कुणीतरी ट्रम्पेट पुसत होतं, ते थांबलं. नीलनं गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला.

“मग… झालंय तेच ठेवू?” त्यानं विचारलं.

“ठेव. या डोंगऱ्याच्या नाकासकट ठेव. त्याचा आवाज कापलास तर माझाही काप.”

“नाही कापत,” नील म्हणाला. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. गाणं तबकडीवर घ्यायला परवानगी आहे, असं त्यात होतं. प्रत्येकाची सही त्यांना लागतच होती. थॅडनं कागद मांडीवर ठेवून सही केली. बिनचूक, शेवटचं अक्षर वर नेणारी, लग्नाच्या वेळी चर्चच्या नोंदवहीत केली होती तशीच.

सहीशेजारी तारखेची जागा होती. तिथं पेन थांबलं.

अर्लीननं सांगायला तोंड उघडलं. थॅडनं तिच्याकडं न बघताच हात जरासा वर केला. पेनाचं टोपण लावलं आणि पेन नीलच्या हातात दिलं.

“तारीख तुम्ही घाला, साहेब. ती हल्ली माझ्याजवळ थांबत नाही.”

नील गुडघ्यावर बसला. त्याच खोक्याच्या कडेवर कागद टेकवून त्यानं लहान अक्षरात तारीख घातली.

बाहेर घंटा झाली. दुसऱ्या भागात थॅडला नुसता बास वाजवायचा होता, शब्द कुठंच नव्हते. तो उठला, कोट खाली ओढला आणि गाड्या लावतात त्या बाजूच्या दाराकडं वळला. हर्शेल त्याला ओलांडून पुढं झाला आणि बुटांचा आवाज मुद्दाम मोठा करत दुसऱ्या बाजूला, रंगमंचाकडं चालू लागला. थॅड क्षणभर थांबला. मग वळून त्या आवाजामागं निघाला.

अर्लीन खोक्यापाशी उभी होती. फळ्यांवरून जाणारी पावलं ती ऐकत राहिली, आधी एकाची, मग लगेच मागून दुसऱ्याची.