वूंच्या घरातलं चौथं माणूस

नऊ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता आमच्या पाईयान गावातली गरिबी संपली. जिल्ह्याच्या कचेरीने ‘गरिबीमुक्त गाव’ असा पत्र्याचा फलक पाठवला, गावच्या पक्षशाखेचे सचिव लोंग यांनी तो खिळ्यावर अडकवला आणि फटाक्यांची माळ लावली. हे झालंच नाही असं आपण धरून चालू. लुओ काकू तसंच धरून चालतात आणि त्यांच्याशी वाद घालायची गावात रीत नाही.

लुओ काकूंनी एकोणतीस वर्षं गावात कुटुंबनियोजनाचं काम केलं. कुणाच्याही घरी गेल्या की त्या आधी दोरीवरचे कपडे बघायच्या, मग माणसं. एखादीने दुकानातून आंबट आलुबुखार जरा जास्त नेले, तर दुकानदार त्यांना कळवायचा. माणसं कमी तर वाडग्यात भात जास्त, हे वाक्य गावच्या भिंतींवर त्यांनीच चुन्याने रंगवलं होतं. पुढे धोरण बदललं, भिंती पुन्हा रंगल्या आणि काकूंना गरिबी मोजायचं काम मिळालं. संशय मात्र जुनाच वापरायचा होता.

गरिबी मोजणं सोपं असतं. घराची वर्षाची कमाई घ्यायची, घरातल्या माणसांनी भागायची, उत्तर दारिद्र्यरेषेच्या वर यायला हवं. एकही घर खाली राहिलं तर फलक नाही, आणि फलक नाही तर डांबरी रस्ता नाही. ऑक्टोबरात दोन म्हातारे वारले आणि दोन घरं आपोआप वर आली. सचिव दोन्हीकडे मनापासून रडले. काठावर उरलं ते वूंचं घर. छांगमिंग, त्याची बायको श्यूमेई आणि म्हातारे वडील. तिघांनी भागलं तर रेषेच्या बोटभर वर.

सात तारखेला सकाळी छांगमिंग टोपली झाकून गावाबाहेर निघाला. टोपली क्लक् क्लक् करत होती. काकू कचेरीच्या पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या.

"कोंबडी कुठे निघाली?"

"विकायला."

"बाजार तर काल झाला."

"ओळखीचं गिऱ्हाईक आहे, काकू."

"तुझा सासरा?"

छांगमिंगने टोपलीवरचं फडकं आणखी ओढलं. आमच्याकडे मूल झालं की बापाने सासुरवाडीला पक्षी घेऊन जायचं असतं. मुलगा झाला तर कोंबडा, मुलगी झाली तर कोंबडी. बायकोचं पोट त्याने सैल कोटाखाली पाच महिने लपवलं होतं, सुईण दुसऱ्या खोऱ्यातून आणली होती. पण कोंबडी न नेणं त्याला सुचलंच नाही. सासरा आयुष्यभर बोलला असता.

काकू तडक वूंच्या घरी गेल्या. अंगणातच गोड तांदळाच्या दारूत उकळलेल्या अंड्यांचा वास आला, म्हणजे बाळंतिणीचं खाणं. आत श्यूमेईच्या कुशीत एक दिवसाची मुलगी झोपली होती. काकूंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की परवा तपासणी आहे, सचिवांचा सगळ्या घरांना निरोप आहे, मूल झालं तर जन्म पंधरा दिवसांनी नोंदवा. चौघांनी भागलं तर घर गरीब ठरतं.

श्यूमेई म्हणाली, "परवापर्यंत आम्ही तिघं होतो, आज चौघं. कुणाच्या वाडग्यातला भात अजून कमी झालेला नाही. मग गरीब झालं कोण, काकू?"

"सरासरी."

"मग तिलाच मदत द्या."

कोपऱ्यात शेकत बसलेले म्हातारे वू म्हणाले की त्यांचं नाव काढून टाकावं, म्हणजे भागायला पुन्हा तीनच. काकूंनी सांगितलं की माणूस मेल्याशिवाय नाव निघत नाही. म्हाताऱ्यांनी विचारलं, मग परवा किती वाजायच्या आत मरावं लागेल? विचारताना ते हसत नव्हते. मग त्यांनी निखारे सारखे केले.

"छांगमिंगच्या पाठचं एक होतं. ते तू टळलेल्या जन्मांत लिहिलंस. त्या वर्षी गावाला मानाचं निशाण मिळालं."

"आलं असतं तर उपाशी राहिलं असतं, वूदादा."

"राहिलं असतं. मी कुठे नाही म्हणतो? पण त्याला विचारलं कुणी?"

काकू उठल्या. आमच्या आठवणीत त्या पहिल्यांदाच दोरीवरचे कपडे न बघता अंगणातून बाहेर पडल्या. कचेरीत जाऊन त्यांनी नोंदवही उघडली आणि लिहिलं: वू, मुलगी, सहा डिसेंबर.

सचिव धावत आले. म्हणाले, खोडा.

"जन्मल्यावर खोडायचा अधिकार मला कधीच नव्हता," काकू म्हणाल्या. "होता तो आधीचा."

नऊ तारखेला तपासणीस आला. त्याने नोंद पाहिली, भागाकार केला, कपाळ पुसलं आणि जिल्ह्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की या महिन्यातले जन्म पुढच्या वर्षात धरावेत. तपासणीसाने गावाची लोकसंख्या सहाशे अकरा लिहिली आणि फटाक्यांना परवानगी दिली. त्या आवाजाने सहाशे बारावी दचकून रडायला लागली. वूंचं घर जवळच आहे, सगळ्यांना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हा अर्ज टपालात टाकला:

"माननीय जिल्हा कचेरी यांस. पाईयान गावाचा फलक परत नेण्यात यावा. वू यांची मुलगी सहा डिसेंबरपासून जन्मलेली धरण्यात यावी, आणि ती आल्याने गाव पुढे गेलं की मागे, हे भागाकार न करता कळवावं. तसंच, माझ्या एकोणतीस वर्षांच्या अहवालांत टळलेले म्हणून दाखवलेल्या एकशे सदतीस जणांना, गरीब का होईना, यायला आवडलं असतं काय, असं विचारून त्यांची सहीची उत्तरं मला मिळावीत. ती येईपर्यंत माझं उत्तम सेवेचं प्रशस्तिपत्र रोखून ठेवण्यास माझी हरकत नाही."