शेपटीवरचा रंग

ग्लायडिंग क्लबचा सीझन रविवारी सुरू व्हायचा होता आणि बुधवारपर्यंत हँगरमध्ये जे काही काम झालं होतं, ते एकट्या वहिनींनी केलं होतं. विंचमधलं काळं तेल बदललं त्यांनी. त्या यंत्राने ग्लायडर वर ओढायची केबल मैदानभर पसरून हाताने चाचपली त्यांनी. ट्रेलरमध्ये संसार थाटलेल्या उंदरांना बाहेर काढलं तेही त्यांनीच. बाकीचे सभासद येत नव्हते असं नाही. येत होते, खुर्च्या मांडत होते आणि मागच्या सीझनला आपण किती उंच गेलो ते सांगत होते. ती उंची दर बैठकीला वाढत होती.

त्या खऱ्या वहिनी फक्त क्लबच्या शिक्षकांच्या. ते त्यांचे धाकटे दीर. पण दिरांनी कधीतरी "वहिनी, जरा हे बघता का" म्हटलं आणि अख्ख्या क्लबने ते वाक्य उचललं. वहिनींच्या नवऱ्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं, तेव्हा त्या घरातून क्लबला मिळालेली माणसं दोनच. एकाने शिकवायचं, दुसरीने राबायचं.

राबता राबता वहिनी उडायलाही शिकल्या होत्या. कुणाची पाळी रद्द झाली की तेवढ्यात बसायचं, असं करत सहा वर्षं गेली. मागच्या सीझनच्या शेवटी खाली उतरल्यावर दीर म्हणाले होते, "वहिनी, पुढच्या सीझनला पहिल्याच दिवशी मी मागे बसणार नाही. तुम्ही एकट्या." तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या होत्या आणि त्यानंतर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना सारख्या तेच बघत होत्या.

गुरुवारी उडायच्या परवानगीवर सही करायला तपासनीस आले. क्लबचं दोन सीटचं एकुलतं एक ग्लायडर काट्यांवर चढवलं. शेपटीखालचा काटा पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"शेपटीला काय केलंय?"

"रंग दिलाय," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. हे दातांचे डॉक्टर.

"किती हात?"

आता मात्र डॉक्टर छताकडे बघू लागले आणि मॅनेजरसाहेब बुटांकडे.

झालं होतं असं. कमिटीने लाल रंग मंजूर केला. डॉक्टरांनी किडकी दाढ भरावी तशी लांबी भरून लाल दिला. निळ्याच्या बाजूने हरलेले बँकेतले निवृत्त मॅनेजरसाहेब एका दुपारी गुपचूप आले आणि त्यावर निळा देऊन गेले. डॉक्टरांनी चकार शब्द न काढता पुन्हा लाल दिला. मग पुन्हा निळा. मग लाल. खालचा थर कुणीच खरवडला नाही, कारण खरवडणं हे काम असतं आणि रंग देणं हे मत असतं. डबे संपतायत म्हणजे कामं होतायत, अशा समजुतीत वहिनी बिचाऱ्या नवे डबे आणून देत होत्या.

"दोन किलो जास्त बसलेत शेपटीवर," तपासनीस म्हणाले. "इतक्या मागचा एक किलो तोलायला पुढच्या सीटवर चार किलो लागतात. एकट्याने उडवणारा माणूस आता निदान साठ किलोंचा हवा."

"हात्तिच्या!" मॅनेजरसाहेबांनी पोटावरून हात फिरवला. "इथे सगळे साठच्या वरच आहेत. करा सही."

"साहेब तर ऐंशीच्या वर आहेत," डॉक्टर म्हणाले. "करा, करा."

वहिनी चोपन्न किलोंच्या होत्या. दिरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सीटखाली शिसं ठेवलं तर?"

"या जुन्या ग्लायडरमध्ये ते बांधायची सोय नाही. सुटं ठेवून उडणार आहात का?"

"वहिनी, रोज दोन केळी खात जा," डॉक्टर म्हणाले. "आणि तूप."

"सहा किलो म्हणजे काय मोठंसं!" मॅनेजरसाहेब म्हणाले. "आमच्या हिला एका सुट्टीत चढतात."

तपासनिसांनी पेन उघडलं. वहिनींच्या तोंडात 'हरकत नाही' आलंच होतं. सहा वर्षांत ते इतक्या वेळा आलं होतं, की आता विचारल्याशिवायच निघायचं. त्यांनी ते गिळलं.

"सही करू नका," त्या म्हणाल्या.

"अहो, पण रविवारी—"

"रविवारी कुणी उडणार नाही. शेपटी मुळापर्यंत खरवडायची, एकच पातळ हात द्यायचा आणि परत वजन करायचं."

"एका माणसासाठी अख्खा सीझन अडवायचा?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"हो. एका माणसासाठी." आवाज कापला, म्हणून वहिनींना स्वतःचाच राग आला. "आणि सभासदांना फोन तुम्ही करायचे. मी नाही."

तपासनिसांनी पेन मिटलं. "पुढच्या गुरुवारी येतो."

रविवारी डॉक्टर आणि मॅनेजरसाहेब पॉलिश पेपर घेऊन शेपटीला भिडले. वहिनी खुर्ची टाकून समोर बसल्या.

"वहिनी, तुम्ही नाही घेत पेपर?" दिरांनी हसत विचारलं.

"मी वजन सांभाळतेय, भाऊजी."

गुरुवारी सही झाली. त्यापुढच्या रविवारी वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. दिरांनी त्यांचे पट्टे आवळले आणि मागच्या रिकाम्या सीटचेही बांधून टाकले. "उतरताना घाई नाही," एवढंच म्हणून ते बाजूला झाले. केबल अडकवून झाली. सगळा क्लब ओळीने उभा होता, हात मागे बांधून, लग्नातल्या फोटोसारखा. ग्लायडर वेग घेईपर्यंत कुणीतरी उचलून धरायचं असतं, ते पंखाचं टोक मात्र गवतात टेकलेलं.

वहिनींनी काचेचं झाकण पुन्हा उघडलं.

"अहो, बघत काय उभे राहिलात! पंख कोण उचलणार?"

डॉक्टर आणि मॅनेजरसाहेब दोघंही एकाच टोकाकडे धावले.

"एकाने पुरे!" वहिनी ओरडल्या, झाकण लावलं आणि निघायची खूण केली.