न बोलावता येणारी माणसं

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी आम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. शेजारची लिक तुमिनी आली. लिक म्हणजे काकू; नात्याची नाही, पण काकूच.

"आज संध्याकाळी आमच्याकडे तहलील आहे, पाक विर्यो. यांना जाऊन हजार दिवस झाले."

"मी येत नाही, ठाऊक आहे तुला," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून विचारायचं पण नाही का?"

"डबा मात्र पाठव."

"वा! प्रार्थना चालत नाही, कोंबडी चालते!"

"कोंबडीने धर्मात नवं काही घुसवलेलं नाही," बाबा म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून 'ला इलाह इल्लल्लाह' सुरू झालं, आधी संथ, मग चढत. एकेकाळी क्लातेन शहराजवळच्या आमच्या गावात मेलेल्या माणसासाठीचा हा जप बाबाच चालवत. आईच्या वेळीही त्यांनीच चालवला. आता ते पुस्तक घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हतं. 'जाऊन या ना,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी चहा ओतला.

जुन्या राजवटीत बाबांच्या शाळेतले काही तरुण शिक्षक बंद खोलीत धर्माचा अभ्यास करायचे, चपलासुद्धा आत घेऊन. म्हातारा राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला तशी दारं उघडली आणि बाबाही त्यांच्यात बसू लागले. अभ्यासमंडळाचा पक्ष झाला आणि पन्नाशीचे बाबा झेंडा घेऊन भर उन्हात चालले. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग पक्षाने सत्तेसाठी जुन्या राजवटीतल्यांशीच हातमिळवणी केली आणि बाबा बाहेर पडले. त्यानंतर ते ज्या मंडळात शिरले ते कडक निघालं. त्या मंडळाला मतदानच नामंजूर, आणि मृतांसाठी जमून जप करणं ही मागाहून शिरलेली रीत. माझ्यामागे हे करायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं. देशात बोलायची मोकळीक वाढत होती, आणि आमच्या ओसरीवर बोलायला येणारी माणसं कमी होत होती.

तहलीलच्या दुसऱ्या पहाटे बाबा नमाजाआधी हातपाय धुवायला, वुझू करायला बसले ते उठले नाहीत. आंघोळ, कफन, खांदा, सगळं गल्लीनेच केलं.

दफनानंतर मंडळातले दोघे आले, ताईला सांगावं तसं मला म्हणाले, "जमाव नको, म्बाक रेत्नो. त्यांचीच इच्छा होती." हात उचलून दुआ केली आणि गेले.

आमच्याकडे मयतानंतर सात संध्याकाळी बोलावणं लागत नाही, माणसं आपसूक येतात. मी चटया अंथरल्या नाहीत, पण दार उघडं ठेवलं. मगरिबची नमाज झाली. गल्लीत चपलांचा आवाज आला नाही. वर्षानुवर्षं जो आपल्यात बसला नाही त्याच्यासाठी आपण का बसावं, असं त्यांना वाटत असणार. मी तसंच धरून चालले. घरात ट्यूबलाइट तेवढी गुणगुणत होती. मी दोन कप काढले आणि एक परत ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मग मागच्या दाराने लिक तुमिनी आली.

"जेवलीस का पोरी, न्दुक?"

"सगळे रागावलेत ना?"

"रागावलेत? अगं, बाप्ये कालपासून धुतलेले सारोंग नेसून आपापल्या ओसरीवर बसलेत! मशिदीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं तुझ्या बाबांनी, जमायचं नाही म्हणून. तो शब्द मोडून घुसायचं कसं? आणि तुला विचारायला कुणी धजेना. शेवटी म्हटलं, जाते मीच, मला मेलीला लाज नाहीच."

मी पुढच्या दारात गेले. खरंच बसले होते सगळे, टोप्या घालून, ओळीने. आमच्या घराकडे कुणी बघत नव्हतं.

"तू नको म्हणालीस तर नको," मागून लिक हळूच म्हणाली. "मुलगी तू आहेस."

बाबांनी मला शेवटचं म्हणून सांगितलेलं हे एकच होतं. ते पाळलं असतं तर मला कुणी नावं ठेवली नसती. मी त्यांच्या खोलीकडे वळले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"बाबा, मला तुमचं पटत नाही. कधीच पटलं नव्हतं. मला माणसं हवीत."