सातव्या महिन्याची काकणं

काकणवाल्याने वसंताचा तळवा दाबून अंगठा आत मुडपला आणि हिरवं काकण अलगद मनगटावर चढवलं. जमलेल्या बायकांनी गाणं धरलं. वेस्ट मांबलमच्या त्या लहानशा घरात पुढची खोली बायकांनी भरून गेली होती, आणि मधोमध पाटावर वसंता मान खाली घालून बसली होती. बायका म्हणत होत्या, पोर लाजली. ती लाजली नव्हती, चिडली होती.

"आतां हीं बाळंतपणींच उतरायचीं गे," बायकांत वयाने मोठ्या असलेल्या महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "तीं पण सुइणीच्या हातावर. हातांतून हातांत जायचीं काकणं. जमिनीला लागूं देऊं नको."

वसंताने मान हलवली. काकणं वाजली, तशा बायका हसल्या. पोटातल्या बाळाला आवाज पोचला म्हणे.

स्वयंपाकघराच्या दाराआड अन्नपूर्णाबाई उभी होती. वसंताची सासू. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात सगळं तिनेच पहाटे उठून केलं होतं. काकणंसुद्धा तीच मैलापूरच्या तळ्याकाठच्या दुकानातून निवडून सांगून आली होती. पण ती विधवा. सुनेच्या हातात काकणं भरताना तिने पुढच्या खोलीत यायचं नव्हतं. विटकरी लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून ती दाराच्या फटीतून बघत होती.

ती दिसताच वसंताचा राग आणखी वाढला. गुरुवारी जहाज होतं. आणि ह्या बाईने मुद्दाम त्याच्या आधीचाच शुक्रवार गाठून सातव्या महिन्याची काकणं भरवली होती. सुनेने इथेच बाळंत व्हावं म्हणून, असं वसंताला वाटत होतं.

वसंताचा नवरा राघोत्तम मलायात होता. ईपोच्या एका शाळेत गणित शिकवायचा. लग्नानंतर रजा संपली तसा गेला, मागच्या उन्हाळ्यात पुन्हा येऊन गेला, आणि आता बायकोसाठी परवाना पाठवला होता. परवान्याची मुदत वर्षाअखेरपर्यंतच. अन्नपूर्णाबाईचा भाऊ शेषगिरी सरकारी कचेरीत कारकून होता, त्यामुळे जगातले सगळे कायदे आपल्याला विचारून होतात अशी त्याची समजूत होती. त्याने जेवता जेवता तिन्ही वाटा समजावून सांगितल्या.

"एक. आतां जायचें. दोन. इथें बाळंत होऊन जायचें. पण मग मुदत संपली, नवा परवाना मागायचा, मूल इथें जन्मलें म्हणून त्याचा वेगळा मागायचा. मलायाचें नवें सरकार दिवसेंदिवस दोरी आवळूं लागलें आहे. वर्ष लागेल, दोन लागतील, मिळेलच असेंहि नाही. तीन. राघोत्तमाने नोकरी सोडून परत यायचें."

"परत येऊन काय करणार?" वसंताने विचारलं.

"तें माझ्या खात्यांत येत नाही," शेषगिरी म्हणाला आणि त्याने आणखी दहीभात मागितला.

वसंताला पहिली वाट हवी होती. नवऱ्यापासून दूर राहून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. माहेरी आई नव्हती. बाळंतपणाला कुठे जा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मुलाने जन्मल्यावर बापाचा चेहरा बघावा, एवढंच तिचं मागणं होतं. कंपनीचा नियम तिला तोंडपाठ होता: सात महिने पुरे झालेल्या बाईला जहाजावर घेत नाहीत. तिचे सहा पुरे झाले होते आणि सातवा लागला होता. म्हणजे नियमात बसत होती. फक्त हे जहाज चुकलं तर पुढचं मिळणार नव्हतं.

सासूने ह्या सगळ्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. काकणं भरायचा दिवस तेवढा ठरवून टाकला होता.

सोमवारी शेषगिरी तिला बीचजवळच्या जहाज कंपनीच्या कचेरीत घेऊन गेला. तिथली डॉक्टर मैलापूरची तमिळ बाई होती, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. तिने पोट तपासलं, पाय दाबून सूज पाहिली, देवी टोचल्याचा दाखला वाचला.

"सहा महिने. बाळ छान आहे," ती म्हणाली आणि तिने सही केली. मग तिची नजर वसंताच्या हातांवर गेली. मनगटापासून वर काचच काच. तिने पेन खाली ठेवलं.

"हे कधी झालं?"

"शुक्रवारी."

"आठवडाभर थांबता आलं नाही घरच्यांना?"

वसंताने पदर मनगटांवर ओढला. तिला नेमकं हेच सासूला विचारायचं होतं.

"बंदरावर शिडीपाशी एक आरोग्य निरीक्षक उभा असतो," डॉक्टरीण म्हणाली. "आपल्याच गावचा माणूस. लेकींची वळैकाप्पु, ही सातव्या महिन्याची काकणं, केलेला. तो माझा कागद वाचायच्या आधी बाईचे हात बघतो. काकणं दिसली की म्हणतो, सातवा. तुमचा सातवा लागलाय, त्याला सात झाले वाटतात. मागच्या जहाजाला एकीला शिडीवरून परत पाठवलं त्याने. ती धावत माझ्याकडे आली आणि मी धावत बंदरावर गेले, तोवर जहाज सुटलं होतं."

"मग मी काय करू?"

"काढून जा."

"बाळंतपणाआधी काढत नाहीत."

"माहीत आहे मला," डॉक्टरीण म्हणाली. "मीही काढली नव्हती." आणि तिने पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी येऊन वसंताने सगळं सांगितलं. ती सासूला आत्याबाई म्हणे. आत्याबाई ओट्यावर बसून घेवडा निवडत होत्या. वसंताला वाटलं, आता म्हणतील, मग नको जाऊ. म्हटलंच असतं तर तिने भांडून घेतलं असतं, तयारीच होती तिची. पण अन्नपूर्णाबाई शेवटची शेंग निवडून झाल्यावर उठली आणि घेवडा धुवायला निघून गेली. वसंता उगाचच आदळआपट करत ट्रंक भरायला बसली आणि भरता भरता रडली.

गुरुवारी सकाळी न्हाऊन झाल्यावर सासूने तिला मागच्या अंगणात विहिरीपाशी हाक मारली. अंगणाच्या दाराला आतून कडी घातलेली होती. हातात खोबरेल तेलाची वाटी होती.

"बस गे. हात पुढें कर."

वसंताला क्षणभर कळलंच नाही. मग तिने हात मागे घेतला.

"आत्याबाई, नको. बाळाला काही..."

"मोडणार नाही मी. एक पण मोडणार नाही."

"महालक्ष्मीबाईंना बोलावू? त्या घेतील हातावर. सुवासिनीने तरी..."

"वेण्डाम, नको. तिला सांगितलें तर ती काढूं देईल कां? सगळी गल्ली जमेल नि गाडी चुकेल." अन्नपूर्णाबाईने तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तेल लावायला सुरुवात केली. "हातांतून हातांत जावीं, एवढेंच ना? माझे हात आहेत की."

तिने वसंताची बोटं जुळवली, अंगठा आत मुडपला आणि पहिलं काकण हळूहळू बाहेर ओढलं. ते सुटून आलं. जमिनीवर ठेवायचं नाही, म्हणून तिने ते तसंच आपल्या डाव्या हातात घातलं. मग दुसरं. सव्वीस वर्षं त्या मनगटावर काळा दोरासुद्धा आला नव्हता. वसंताचे डोळे भरून आले आणि तिला कुठे बघावं कळेना. ती रहाटाकडे बघत बसली.

"मजहि तिकीट आलें होतें," सासू म्हणाली. नजर हातावरच होती. "रंगूनचें. हे तिथें आगगाडीच्या कचेरींत होते. मज सातवा. आमच्या सासूबाई म्हणाल्या, बाळंत हो, मग जा, समुद्र कुठें पळून जातो. मी पण म्हटलें, बरें."

"मग?"

"मग झालें बाळंत. राघोत्तम झाला. बारशाला तार आली. हिवतापाने गेले." तिने आणखी एक काकण ओढून काढलं. "तो हात ढिला सोड. ताठ धरलास कीं लागतें."

वसंताने हात ढिला सोडला. विहिरीवर एक कावळा येऊन बसला आणि गेला.

"मग शुक्रवारी भरवलीत कशाला?" शेवटी तिने विचारलंच. त्यातला राग गेला होता, प्रश्न तेवढा उरला होता.

"तिथें कोण भरणार होतें तुला?" अन्नपूर्णाबाई म्हणाली. "चिनी भरतील? म्हटलें, जायच्या आधीं हात भरून जावें पोरीने. त्या मेल्या निरीक्षकाचें मज काय माहीत."

वसंताने सासूच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तेवढ्यात बाहेरून शेषगिरीने, रिक्षावाला ओरडतो आहे म्हणून, स्वतःच रिक्षावाल्यापेक्षा मोठ्याने ओरडायला सुरुवात केली.

मांबलम स्टेशनवरून बंदराजवळच्या बीच स्टेशनची गाडी मिळाली. बायकांच्या डब्यात समोर बसलेल्या बाईने काकणांचा आवाज ऐकून आधी वसंताच्या पोटाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. तिथे दोन सोन्याच्या बांगड्या होत्या फक्त. गाडीला हिसका बसला तशी काकणं पुन्हा वाजली. आवाज शेजारच्या म्हातारीच्या पदराखालून येत होता. कपाळ मोकळं आणि हात कोपरापर्यंत हिरवे. समोरची बाई डोळे विस्फारून बघतच राहिली. अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. वसंताने तिचा हात पदराखालीच घट्ट धरून ठेवला.

बंदरावर रांग होती. जहाजावर पोचवायला जाणाऱ्यांचे पास शेषगिरीने आधीच काढले होते. शिडीपाशी निरीक्षक उभा होता. जाड, घामाघूम झालेला, कानावर पेन्सिल. त्याने खरोखरच आधी हात पाहिले. वसंताने दोन्ही हात पुढे करून कागद दिले. तो कागद उलगडणार, तेवढ्यात काच वाजली.

त्याने मान वर केली. वसंताचे हात पुन्हा पाहिले. मग आवाज कुठून आला म्हणून मागे पाहिलं. वाऱ्याने अन्नपूर्णाबाईचा पदर उडाला होता. तिने तो सावरला नाही. हात समोर धरून उभी राहिली आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

निरीक्षकाच्या घरीही आई असणार, काकू असणार. त्याचा चेहरा कसनुसा झाला. दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तशी त्याने नजर खाली घातली. "सरि, सरि, पोंगो. जा, जा," तो पुटपुटला, आणि पोट न बघता, महिना न विचारता त्याने कागदावर शिक्का मारला.

शेषगिरीने हे सगळं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठलाच नियम आठवला नाही. तो हमालाच्या मागे ट्रंक घेऊन निघून गेला.

वरती, पेनांगला परतणाऱ्या एका कुटुंबाशेजारी वसंताची जागा होती. त्या घरच्या बाईने तिला सांभाळायचं कबूल केलं होतं. अन्नपूर्णाबाईने कोपऱ्यात वळकटीवर वसंताला बसवलं, कमरेची तेलाची बाटली काढली आणि तिचा हात मांडीवर घेतला. आपल्या हातातलं एकेक काकण उतरवून तिला चढवू लागली. शुक्रवारी जे दाराआडून पाहिलं होतं, ते आता तिच्या मांडीवर चाललं होतं. गाणं म्हणायला कुणी नव्हतं. थोड्या वेळाने वसंताला ऐकू आलं की सासू तोंडातल्या तोंडात तेच गाणं म्हणते आहे. चुकतमाकत, मधले शब्द गाळत.

पोचवायला आलेल्यांनी उतरावं म्हणून घंटा झाली.

"झालें, झालें," अन्नपूर्णाबाई म्हणाली. एकच राहिलं होतं. ते काही केल्या सुटेना. उन्हाने आणि ओढाताणीने तिचा हात सुजला होता. तेल संपलं होतं. तिने अंगठा मुडपला, दात आवळले, पुन्हा ओढलं. घंटा दुसऱ्यांदा झाली.

"मोडेल," वसंता म्हणाली.

"मोडूं कशी देईन?"

"आत्याबाई, राहू दे. मी म्हणते, राहू दे ते."

अन्नपूर्णाबाईने मनगटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. वसंता वाकून पाया पडली, पोटामुळे अर्धीच. सासूने तिला मध्येच धरून उभं केलं, तिच्या भरल्या हातांवरून एकदा हात फिरवला आणि शिडीकडे चालू लागली.

जहाज धक्क्यापासून सुटलं तेव्हा वसंता कठड्याशी उभी होती. खाली शेकडो हात हलत होते. त्यातला आपला तिला लगेच सापडला. काकण दिसण्याइतकं जवळ नव्हतं, पण ती म्हातारी डावा हात पदराबाहेर काढून, उंच धरून उभी होती. वसंताने दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले.

जहाज लहान होईपर्यंत शेषगिरी बहिणीशेजारी थांबला. लोक तिच्याकडे वळून वळून बघत होते, आणि त्याला बहिणीसमोर छत्री धरावी की काय करावं सुचत नव्हतं.

"चल अक्का," तो हळूच म्हणाला. "घरीं जाऊन साबण लावून बघूं. निघेल."

"निघेल," अन्नपूर्णाबाई म्हणाली. हात अजून वरच होता. "बाळंत होऊं दे ती."