दोन नळ्या, एक नंबर

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात फुटक्या कोपऱ्याचा एक टॅबलेट पडलेला आहे, तो मी. आता माझी बॅटरी तासभरही टिकत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

मी एका रक्ततपासणी केंद्रात कामाला होतो. तिथल्या नर्सताई मला घेऊन घरोघरी जात. रक्ताची नळी भरली की मी तिला नंबर द्यायचो आणि ताईंच्या पिशवीतला छोटा प्रिंटर तो चिठ्ठीवर छापायचा. बऱ्याच घरांत नेटवर्क नसे, म्हणून केंद्रातल्या मोठ्या संगणकाला न विचारता मी जागच्या जागी नंबर बनवायचो. घड्याळात बघायचं, तारीख, तास, मिनिट, सेकंद, की झाला नंबर. "हा कधी अडून बसत नाही," असं ताई म्हणाल्या की मी फुलून जायचो.

मग केंद्राने दुसरा टॅबलेट घेतला. तोही घड्याळातच बघायचा.

एका सकाळी ताईंनी एका सुतारकाकांचं रक्त घेतलं. नेमक्या त्याच सेकंदाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्या टॅबलेटने पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या नळीला नंबर दिला. दोन्ही नंबर एकच. मोठ्या संगणकाला वाटलं, नळी एकच आहे. त्याने काकांचा निकाल पुसला आणि त्या जागी बाईंचा लिहिला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्या पडद्यावर तो आकडा पाहिला आणि त्या थबकल्या. "हिमोग्लोबिन चौदा? माणूस तर पांढराफटक पडला होता."

त्यांनी काकांच्या घरी फोन लावला. काकू म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आला ना, म्हणून कामावर गेलेत."

ताई मला काखेत मारून धावत निघाल्या. काका एका घरात शिडीवर उभे होते.

"काका, खाली या."

"एवढी फळी बसवतो."

"फळी राहू द्या. आधी तुम्ही उतरा."

शेवटच्या पायरीवर काकांचा तोल गेला. ताईंनी त्यांना धरलं. पुन्हा रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन जेमतेम पाच. काका आठवडाभर दवाखान्यात राहिले आणि वाचले.

केंद्राची प्रोग्रामर आली. तिने माझ्या घड्याळावरचा भरवसा काढून घेतला आणि मला छत्तीस अक्षर-आकड्यांचा, सोडतीसारखा कसाही निघणारा नंबर बनवायला शिकवलं; तसाच नंबर पुन्हा निघणं जवळजवळ अशक्य.

"एवढा लांब नंबर मी फोनवर सांगू कसा?" ताईंनी विचारलं.

"सांगायचाच नाही. स्कॅन करायचा."

मोठ्या संगणकालाही तिने बजावलं, एकच नंबर दोनदा आला तर काही पुसायचं नाही, थांबून विचारायचं.

पण मला चैन पडेना. आधीच्या नंबरांचं काय? तीच रुखरुख ताईंनाही होती. माझी आणि त्या दुसऱ्या टॅबलेटची यादी शेजारी ठेवून त्यांनी आठशे नंबर एकेक करून ताडून पाहिले. आणखी एक जोडी सापडली; तिच्यात एका आजींचा निकाल पुसला गेला होता. त्या आजींच्या घरी ताई स्वतः गेल्या, झालं ते सगळं सांगितलं आणि पुन्हा रक्त घेतलं. आजी ठणठणीत निघाल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी माझ्यासारख्या यंत्राला नंबर द्यायला शिकवेल. तेव्हा घाई करू नका. मला नळीच दिसत होती. ती कुणाची आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा.