सव्वीस जानेवारीची दिवसपाळी

लग्नाला तीन वर्षं होत आली तरी रंजना आणि वाल्मिक जिन्यातच भेटत. तो बमरोलीत यंत्रमागावर कायमचा रातपाळीला. ती दिवसा पलसाण्याला साड्यांच्या घड्या घालायला. सकाळी डिंडोलीतल्या खोलीचा जिना तो चढायचा, तेव्हा ती उतरत असायची.

"भाकर डब्यामा शे. जेवी ल्या."

"हा. तू जाय, गाडी निघी जाई."

खानदेशातून या गुजराती शहरात सोबत आणलेली अहिराणी दोघं अशी जिन्यातच थोडी थोडी वापरत. संध्याकाळी ती परते तेव्हा तो गेलेला असे. गादी एकच होती. दिवसा तिच्यावर तो झोपे, रात्री ती. उशीला खोबरेलाचा आणि सुताचा वास येई. कधी कधी तिला तिची नसलेली स्वप्नं पडत: केळीच्या बागेतली एक विहीर आणि काठावर उभं तांबडं वासरू. तिच्या माहेरी ना केळी होती, ना विहीर.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला पहिल्यांदाच दोघांना एकदम सुटी मिळाली. एरवी काहीतरी आडवं यायचं. कधी तिच्याकडे तातडीचा माल असे, कधी तो गावी गेलेला असे. त्या सकाळी तो आला तेव्हा ती वरच्या पायरीवर नवी साडी नेसून उभी होती.

"आज उतरत नही तू?"

"सुटी शे. चला, झेंडाले जाऊत."

तो रात्रभर जागा होता, तरी चालला. माग थांबले होते. एरवी भिंतींतून, भांड्यांतून घुमणारा खडखडाट नव्हता, आणि त्या शांततेत गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. माणसं हळू बोलत होती. वाल्मिकला आपली पावलं ऐकू येत होती, आणि ती दुसऱ्या कुणाची असावीत असं वाटून त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

शाळेच्या मैदानात झेंडा खांबाच्या टोकाला गुंडाळी करून बांधलेला होता. निवृत्त शिक्षिका अरुणाबाईंनी दोरी ओढली. गुंडाळी सुटली, झेंडूच्या पाकळ्या सावकाश खाली आल्या. एक वाल्मिकच्या केसांत अडकली. त्याला कळलंही नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत तो ताठ उभा राहिला खरा, पण नंतर डोळे मिटायला लागले.

"हा दिवस आधी स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत," अरुणाबाई सांगत होत्या. "एकोणीसशे तीस साली याच तारखेला गावोगावच्या लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली. स्वराज्य तेव्हा कुठंच नव्हतं. तरी पुढं वर्षानुवर्षं ते हा दिवस पाळत राहिले. स्वातंत्र्य आलं ते ऑगस्टात. मग या तारखेचा मान राहावा म्हणून राज्यघटना सव्वीस जानेवारीपासून लागू केली."

बुंदी घेताना रंजनानं विचारलं, "बाई, हाती नसलेल्या गोष्टीचा सण कसा करायचा?"

अरुणाबाई हसल्या. "ती आहे असं समजून एक दिवस वागायचं. म्हणजे आपल्याला काय हवं होतं, ते विसरायला होत नाही."

परतताना रंजना जिन्यापाशी थांबली.

"आज तुम्ही दिवसपाळीले शेतस."

"कोण म्हणे?"

"मी."

तो हसला, पण गादीकडे गेला नाही. दोघांनी बाजारातून वांगी आणली. त्यानं ती भाजली, तिनं मिरच्या ठेचल्या. भाकरी थापताना ती मध्येच मागं वळून बघे, तो आहे ना म्हणून. तो असे, भिंतीला टेकून, डुलक्या घेत, घास हातात धरून. जागं राहावं म्हणून मग दोघं गच्चीवर गेले. संक्रांतीच्या उत्तरायणात अडकलेले पतंग अजून तारांवर फडफडत होते. ऊन उतरू लागलं. अर्धवट झोपेत वाल्मिक मामाच्या गावाबद्दल बोलत होता. केळीची बाग, विहीर.

"तांबडं वासरू होतं ना तठे?"

त्यानं डोळे उघडले. "तुले कोणी सांगं?"

तिनं त्याच्या केसांतली पाकळी काढली आणि त्याला झोपू दिलं. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि अंधार पडेपर्यंत ती हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जिना सुरू झाला. पण आता वाल्मिक दिवसपाळीसाठी कारखान्याच्या शेठच्या मागं लागला होता. "रातनो माणस क्यांथी लावुं?" शेठ गुजरातीत विचारी, रातपाळीला माणूस आणायचा कुठून? होळीनंतर वाल्मिकनं पुन्हा विचारलं, पावसाळा लागताना पुन्हा. शेवटी त्यानं तो कारखानाच सोडला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. सायकलनं जाताना पाय भरून येत, पण पाळी दिवसाची होती.

पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा रंजना दारातच उभी होती. नव्या ओळखीच्या माणसांसारखी दोघं एकमेकांना वाट देत राहिली. मग तिनं ताटं गच्चीवर नेली. शेजारच्या गच्चीवर मंदामावशी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. दोघांना एकत्र जेवताना बघून त्यांचे हात थांबले.

"आज काय सण शे व?"

"नही मावशी," रंजना म्हणाली. "मंगळवार शे."