ढब्बू पैशावरचा डाग

आमच्या यांले जुनी नाणी जमवायचा असा काही नाद, की पुलगावच्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहून कंटाळते अन् हे गल्ल्यामागं भिंग घेऊन बसलेले. दोन हजार चारमधली गोष्ट. मी भाच्याच्या लग्नाले पवनारले गेलती. तेवढ्यात यांनी माझी ट्रंक उचकली. काऊन, तं म्हणे स्वेटर शोधाले. आग लागो त्या स्वेटरले! तळाशी पिवळ्या फडक्याची गाठ होती, ती सोडली. आत तांब्याचा ढब्बू पैसा.

मी परतली तं चप्पल काढाच्या आधीच सुरू झाले. "नलू, काय चीज लपवली वो तू! असा डाग मी जन्मात नाई पाह्यला. मधात काळसर गोल, बोराएवढा, एका अंगानं चेपलेला. भवताल हिरवी कडी. अन् मागच्या अंगाले कपड्याची वीण उमटलेली, धागा अन् धागा. वासुदेवराव सोनार म्हणते, जमिनीत पुरला असंन. मी म्हणतो, जमिनीत असा गोल डाग कसा पडंन? रोज भिंगातून पाहून राह्यलो, डोकं चालत नाई."

मी हातातली पिशवी तशीच खाली टाकली. "कुठी आहे तो?"

"हा काय." त्यांनी ओला हात पुढं केला. पैसा नवाकोरा चमकत होता. "सन वाचता येत नव्हतं. आत्ताच चिंचेनं घासला."

मी ओरडलीच. "अजी, तुमाले काही कळते का? आपल्या पोरीचा होता तो!"

आमच्या पोराच्या, अंकितच्या, आधी आमाले एक पोरगी झालती. माझ्या माहेरी, पवनारले, मूळ नक्षत्रावर. शांती होईस्तोवर बापानं तोंड पाह्यचं नाई, असं माझ्या मायनं अन् सासूनं ठरवलं. हे दर इतवारी एसटीनं येत, ओसरीवर पाठमोरे बसत, आतून तिचं रडणं ऐकत अन् परत जात. तिची बेंबी फुगून आलती. ती दबून आत बसावी म्हणून मायनं हळद-तेल लावून वर ढब्बू पैसा ठेवला अन् पिवळ्या फडक्यानं बांधला. शांतीच्या आधीच तिले ताप आला. दवाखान्यात नेता नेता माझ्या मांडीवरच गेली. हे पोचेस्तोवर लोकं माती देऊन आले होते. वा रे शांती! मायनं पैसा फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिला, तो मी ट्रंकेत टाकला. यांनी तिच्याबद्दल कधी विचारलं नाई, त्याचा राग मी इतकी वर्षं पोटात ठेवला.

हे मटकन मोरीपाशी बसले. "म्हंजे तो डाग..."

"तिच्या बेंबीचा."

चिंचेचं पाणी नालीत वाहून गेलतं. त्यांनी नालीत हात घातला, नुसता चिखल वर आला. मंग लहान पोरासारखे हमसून रडले.

 ती गाठ मी कधी सोडलीच नव्हती. हिंमतच नाई झाली. पैशावर डाग पडला होता, हे मले आजच कळून राह्यलं होतं. तिचं मागं राह्यलेलं एवढंच, अन् ते पाह्यलं फक्त यांनी.

मी त्यांच्याजवळ बसली अन् तळहात पुढं धरला. "कसा होता, मले दाखवा ना."

चिखलाच्या बोटानं त्यांनी माझ्या तळव्यावर गोल काढला. "एवढासा," म्हणाले, "या अंगानं चेपलेला."